कोऱ्या पानावरचा ठराव

ज्या काळी जनावरांच्याही ग्रामसभा भरायच्या, तेव्हा एका रानात रानडुक्कर सरपंच होता. सभा घ्यायचा त्याला भारी कंटाळा. केळीचं कोरं पान घेऊन तो घरोघरी फिरे.

“सभेला कशाला शिणता? खाली चिखलाचा पंजा उमटवा, वर ठराव मी लिहितो!”

पहिला खूर तो स्वतःचाच उमटवी. सगळे खूश.

यंदा त्याला झऱ्याचं पाणी आपल्या लोळायच्या खड्ड्यात वळवायचं होतं. खारीने ते ओळखलं. झरा वळला तर तिचं उंबराचं झाड वाळणार होतं. पण ती पडली बुजरी. तिने मुकाट्याने पंजा उमटवला.

“खारूताई, पान तुझ्या फांदीवर वाळू दे. मी जरा लोळून येतो.”

डुक्कर गेला. पानाची वरची जागा कोरी होती आणि खारीची नखं अणकुचीदार होती.

तेवढ्यात ठराव मंजूर करणारी हत्तीण आली. सगळे जमले. तिने सोंडेने पान काढून मोठ्याने वाचलं, “झरा आहे तिथूनच वाहील. सरपंचांचा खड्डा बुजवून त्यावर भोपळ्याचा वेल लावावा. वा! पहिला खूर सरपंचांचाच की!”

चिखलाने माखलेला डुक्कर धावत आला. “खोटं! अशी सभा झालीच नाही!”

“झालीच नाही?” हत्तीण ऐसपैस बसली. “मग आत्ताच घेऊ. पहिलं कोण बोलतंय?”

खारीने नखांचा चीक हळूच शेपटीला पुसला.

“मी,” ती म्हणाली.