चंपाईचं कलतं मडकं

फार वर्षांपूर्वी खाडीकाठच्या खारशेत गावात चंपाई नावाची आगरीण राहायची. तिचं लहानसं मिठागर होतं, आणि जीभ मिठाहून खारट. एकदा वादळात फुटलेल्या गलबतावरचा एक चिनी खलाशी वाहत आला. तिने चार महिने पेज पाजून त्याला उभा केला. जाताना त्याने तिला निमुळत्या बुडाचं एक मडकं घडवून दिलं. दोन खुंट्यांमध्ये टांगलं की रिकामं असताना ते कलायचं, निम्मं भरलं की ताठ व्हायचं, आणि काठोकाठ भरलं की पालथं.

"आमच्या देशी कुंग नावाचे गुरुजी होऊन गेले," तो म्हणाला. "असं भांडं दाखवून ते शिष्यांना शहाणं करायचे. लाभ दिसला की आधी विचारायचं, हा आपल्याला शोभतो का?"

चंपाईने मान हलवली आणि मडकं माळ्यावर ठेवून दिलं.

मग एका वर्षी उधाणाने चंपाईचा सोडून साऱ्या गावाचे बांध फोडले. मीठ उरलं ते एकट्या चंपाईचं. तिची रास गलबतवाल्यांना लांबून टेकडीच वाटायची, असं म्हणतात. भाव चौपट झाला.

तिचा मुलगा हिराजी हरखला. "आये, गावाची मोडकी मिठागरं पन घेऊन टाकू. लोकं उपाशी हायत, मिलेल त्या भावान देतील."

चंपाईने मडकं काढलं, बरोबर राशीवर टांगलं आणि पोराच्या हातात कळशी दिली. "भर. तुला पुरे वाटल तवा थांब."

मडकं ताठ झालं, तरी हिराजी हट्टाने ओततच राहिला. मडकं उलटलं, सगळं पाणी राशीवर पडलं आणि मीठ विरघळू लागलं.

"आये, मीठ गेलं!"

"आदी तुजी नियत गेली, मग मीठ. वर्साचं पोटापुरतं ठेव. बाकीचं इकून सगल्यांचे बांध उभे करू."

हिराजी आठ दिवस धुसफुसला. पण बांधावर पहिली माती टाकली ती त्यानेच.

पुढच्या उधाणात चंपाईचाच बांध तडकला. अख्खं गाव खांद्याला खांदा लावून त्या भगदाडात उभं राहिलं. पाणी छातीपर्यंत चढलं, थांबलं आणि मागे वळलं, असं म्हणतात.

खारशेतात आजही राशी लागल्या की बांधावर तसंच मडकं टांगतात. ज्याची रास सगळ्यात मोठी, तो पाणी ओततो. मडकं ताठ झालं की "पुरे, चंपाई" म्हणून हात थांबवतो, आणि घरापुरतं ठेवून उरलेलं मीठ गावाच्या बांधांसाठी देतो. एकाने म्हणे एकदा मुद्दाम काठोकाठ भरलं होतं. त्याचं नाव मात्र आता कोणालाच आठवत नाही.