बिवळ्याची परी आणि आईचं रक्त

हिरव्यागार डोंगराच्या पायथ्याशी, कुडाच्या इवल्याशा खोपटात येसू आणि तिची आई सगुणा राहत होत्या. रानातून पानं आणायची, त्यांच्या पत्रावळी टाचायच्या, आणि संध्याकाळी गरम पेज मिळाली की दोघी खूश. येसूच्या झग्याला लाल, पिवळी, निळी अशी कितीतरी ठिगळं होती. ती पळायची तेव्हा फुलपाखरूच उडतंय असं वाटायचं.

एकदा चैत्रातल्या भर दुपारी खोपटामागे फांदी तोडताना सगुणाच्या हातातला कोयता निसटला आणि पोटरीत रुतला. वाडीतली माणसं पलीकडच्या गावी लग्नाला गेली होती. हाकेला ओ द्यायला कुणी नव्हतं. येसूने आईला धरून खोपटात आणलं, लुगडं फाडून जखम घट्ट आवळली, आईचा पाय गोधडीच्या गठ्ठ्यावर उंच ठेवला. तरी लाल डाग पसरतच राहिला. आधी करंजाच्या पानाएवढा, मग वाटीएवढा, मग ताटलीएवढा.

"दगडी पाला आण गं," आई पुटपुटली. "चोळून लावला की रक्त धरतं."

येसू रानात धावली.

त्या दुपारी रान नेहमीसारखं नव्हतं. एकही पाखरू बोलत नव्हतं. वारा नव्हता, तरी शेंड्यांवरची सोनेरी पालवी थरथरत होती. जमिनीखालून यावा तसा एक आवाज येत होता. धक्... धक्... धक्...

वाटेत एक बिवळ्याचं झाड लागलं. कुणीतरी त्याच्यावर कुऱ्हाड घातली होती, आणि खाचेतून लालभडक रस ओघळत होता. माणकांची माळच जणू! येसूला पळायचं होतं. पण तिला ते बघवेना.

"तुलाही दुखतंय होय?" ती म्हणाली. तिने ओढ्यातली ओली माती भराभर आणून खाचेवर थापली आणि आपल्या वेणीची रिबीन वरून बांधली.

रस थांबला. आवाजही थांबला. मग साल दारासारखी उघडली आणि आतून एक परी बाहेर आली.

ती इतकी नितळ होती की तिच्या अंगातल्या बारीक बारीक लाल-निळ्या नसा दिसत होत्या. तिचे पंख बिवळ्याच्या फळासारखे गोल, पातळ, कागदी होते. उन्हात उभी होती, पण तिची सावली पडत नव्हती.

"भिऊ नको, चिमणे," ती हळूच म्हणाली. "तू माझं वाहणं थांबवलंस. तीन इच्छा माग. पण नीट ऐक. तू बोलशील तेवढंच होईल. झालेलं मला मागे घेता येणार नाही. आणि जे कुठेच नाही, ते मी आणू शकणार नाही."

येसूला धीर धरवेना. "माझ्या आईचं रक्त थांबवा!"

परीचे डोळे विझल्यासारखे झाले. "थांबवलं," ती म्हणाली, आणि लाल रसाचा एक थेंब तिने येसूपुढे धरला.

थेंबात आई दिसली. तिचे ओठ जांभळे पडत होते. छाती हलत नव्हती.

"हे काय केलंत!" येसू किंचाळली.

"तू सगळंच थांबवायला सांगितलंस, बाळ. आता चटकन या थेंबाच्या आत बघ, आणि मग बोल."

येसूने थेंबाला डोळा लावला. आत आईचं रक्त दिसलं. पिवळसर, चमचमतं पाणी होतं, पण ते ओढ्यासारखं धावत नव्हतं. त्यात लाखो लाल चकत्या मुक्या उभ्या होत्या. मधोमध दबलेल्या, नाजूक, जणू लाल बत्तासे.

"प्रत्येकीपाशी श्वासाचा एक कण आहे," परी कुजबुजली. "छातीतून घ्यायचा आणि बोटांच्या टोकापर्यंत पोचवायचा. पाणी वाहिलं तरच त्या जातील. पाण्यात जेवणाचा कस आहे, अंगाची ऊबही आहे."

पलीकडे गोल, पांढुरके राखणदार गोठले होते. कोयत्याच्या गंजाबरोबर आत शिरलेले काळे, काटेरी जंतू त्यांच्याकडे सरकत होते. आणि जखमेच्या तोंडाशी अगदी चिमुकल्या टिकल्या धाग्यांची जाळी अर्धी विणून थांबल्या होत्या.

येसूला कळलं. ती सावकाश, एकेक शब्द नीट उच्चारत म्हणाली, "आईचं रक्त अंगभर वाहू दे. फक्त जखमेच्या तोंडाशी टिकल्यांची जाळी पुरी होऊ दे."

धक्! थेंब हलला. पिवळं पाणी धावलं. टिकल्या एकमेकींना बिलगल्या, जाळी घट्ट झाली, राखणदार काटेरी जंतूंवर तुटून पडले. पण आईने डोळे उघडले नाहीत. लाल चकत्या फार थोड्या उरल्या होत्या. त्या धापा टाकत पळत होत्या, आणि तरी श्वास सगळीकडे पुरत नव्हता.

"आईला आणखी रक्त द्या," येसू म्हणणार होती. पण तिला तिसरा नियम आठवला.

"परीमाय, तुम्हाला रक्त करता येत नाही का?"

"नाही गं. झाडालाही येत नाही. माणसाचं रक्त माणसाच्याच अंगात होतं."

येसूने झग्याची बाही वर केली. "मग तिसरी इच्छा. माझ्यातलं थोडं आईला द्या."

परीने येसूच्या बोटातल्या रक्ताचा एक थेंब आईच्या थेंबात सोडला आणि बराच वेळ निरखला. दोन्ही थेंब गाठी न होता एक झाले.

"जुळतं," ती म्हणाली. "सगळ्यांचं जुळत नाही, बाळ. न जुळणारं दिलं तर विष होतं."

येसूच्या डोळ्यांपुढे लाल, केशरी, गुलाबी ठिणग्या नाचल्या. कानांत समुद्र घुमला. ती खाली बसली तेव्हा ती रानात नव्हती. आपल्या खोपटात, आईच्या उशाशी होती. परीही तिथेच उभी होती, आणि तिच्या नसा दिव्यांच्या माळांसारख्या उजळत होत्या.

"तू न मागितलेलं एक देते," ती म्हणाली. "तुझ्या हाडांच्या पोकळीत मऊ गर आहे. रक्त तिथेच जन्मतं. तो गर मी जागा केलाय. दिलंस त्याहून दुप्पट भरेल."

बोलता बोलता ती पायापासून प्रकाश होत गेली. शेवटी तिचे डोळेच उरले. मग तेही उजेडात मिसळले.

सगुणाच्या गालांवर हळूहळू रंग चढला. तिने डोळे उघडले आणि लेकीचा हात धरला.

"येशे, किती गार पडलेत गं हात तुझे!" ती म्हणाली, आणि पडल्या पडल्याच ते आपल्या तळव्यांत घेऊन चोळू लागली. चोळता चोळता येसूची बोटं एकेक करून गुलाबी झाली.