पुलाचे सात साक्षीदार

"मग एका साखळीला दुसरीचं कळतं कसं?" हंसराजबाबांनी विचारलं.

"तेच तर माझ्या पुलाचं काम," मृदुला म्हणाली.

वर्धा नदीच्या काठी महानुभावांचा एक लहानसा मठ आहे. हंसराजबाबा तिथले महंत. मृदुला खोडके लहानपणी त्यांच्याकडे जुनी लिपी वाचायला शिकली होती. आता नागपुरात संगणकाचं मोठं काम करत होती. बऱ्याच वर्षांनी आली होती.

ब्लॉकचेन म्हणजे काय, ते तिचं सांगून झालं होतं. एकच वही शेकडो जणांकडे असते. पानाला पान साखळीसारखं जोडलेलं, त्यामुळे लिहिलेलं कुणाला खोडता येत नाही. औषधांच्या कोठाराची अशी एक साखळी, दवाखान्यांची दुसरी. दोन्ही पक्क्या. पण एकीला दुसरी दिसत नाही.

"कोठारातून पेटी निघाली की तिकडची नोंद बंद होते. मग माझा पूल दवाखान्याच्या साखळीत तीच नोंद उघडतो. त्याला सात साक्षीदार आहेत. सात गावांतले सात संगणक. पाच जणांनी 'हो' म्हटल्याशिवाय काही हलत नाही."

"चांगलं आहे."

"यात कुणावर विश्वास ठेवायची गरजच नाही, बाबा."

बाबांनी मान डोलावली.

"मग तू का आलीस?"

"एका दवाखान्यात साप चावलेला माणूस आणला," ती म्हणाली. "नोंदीत इंजेक्शनच्या सहा कुप्या होत्या. फ्रीजमध्ये एकही नव्हती."

"गेला?"

"वाचला. पण जिल्ह्याला नेईपर्यंत उशीर झाला. पाय काढावा लागला."

"नाव काय त्याचं?"

ते मृदुलाने विचारलंच नव्हतं.

"साक्षीदार काय म्हणाले होते?"

"सातही जण 'हो' म्हणाले होते. मी सगळं तीनतीनदा तपासलं. गणितात चूक नाही. मग चूक कुठे आहे?"

बाबांनी नदीकडे पाहिलं. पलीकडच्या काठावर दुसरा मठ होता. झाडीतून त्याचं कौलारू छप्पर तेवढं दिसत होतं.

"तिकडचे अच्युतबाबा आजारी होते. एकटेच असतात. आता कसे आहेत, ते इथल्या सगळ्यांना विचारून ये. माझ्याखेरीज मठात सातच माणसं आहेत."

मृदुलाला हे जरा पोरकट वाटलं. तरी ती उठली. बाबा उगाच काही सांगत नाहीत, एवढं तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

शेवंताबाई चुलीपाशी वरण घोटत होत्या. "बरे हायेत म्हने," त्या म्हणाल्या. "उठून बसले."

पोथ्यांना ऊन देत बसलेल्या तपस्विनीबाई म्हणाल्या, "पेज घेतली म्हणे काल."

गोठ्यातला माणूस म्हणाला, "अंगणात फिरले म्हने."

ती परत आली. "सातही जण सांगतात, बरे आहेत."

"सातही?"

"सातही."

"त्यांचेच शब्द सांग."

ती सांगू लागली. एकाचे सांगितले. दुसऱ्याचे सांगितले. तिसऱ्याशी आली आणि थांबली.

"कोण म्हणे?" बाबांनी विचारलं.

ती पुन्हा आत गेली. या वेळी प्रत्येकाला एकच विचारलं... तुम्हाला कुणी सांगितलं?

शेवंताबाईंना चिंतामण दूधवाल्याने सांगितलं होतं. तपस्विनींना चिंतामणनेच. गोठ्यातल्या माणसालाही. दोघांनी शेवंताबाईंकडून ऐकलं होतं, दोघांनी तपस्विनींकडून. चिंतामण रोज सकाळी नदी ओलांडून दोन्ही मठांना दूध घालायचा.

मृदुला बाहेर आली. ओट्यावर बसून तिने लॅपटॉप उघडला. बराच वेळ काही वाचत राहिली. मग हळूच मिटला.

"माझे सातही साक्षीदार कोठाराची बातमी एकाच संगणकाकडून घेतात," ती म्हणाली. "सोयीचं होतं, म्हणून मीच तसं ठेवलं होतं. तो चुकला की सातही चुकणार."

तिला वाटलं, बाबा आता काहीतरी समजावतील.

"अच्युतबाबा कसे आहेत?" बाबांनी विचारलं.

"माहीत नाही."

"मलाही."

बाबांचे गुडघे दोन वर्षांपूर्वीच गेले होते. ते नदी ओलांडत नसत.

मृदुलाने चपला हातात घेतल्या. फाल्गुनातलं पाणी, गुडघ्याच्या वर नव्हतं. पंधरा मिनिटांत ती पलीकडे पोचली.

मठाच्या दारात दुधाच्या दोन लोट्या तशाच ठेवलेल्या होत्या. एकीतलं दूध नासलेलं. आत बाजेवर अच्युतबाबा एकटेच पडलेले. तिने दंडवत घातला, कपाळाला हात लावला. अंग भाजत होतं.

"हंसराज गावाहून आला का?" त्यांनी विचारलं.

"ते कुठे गेलेच नाहीत, बाबा."

"चिंतामण दारातूनच म्हणाला, गेलाय. म्हणून निरोप धाडला नाही..."

तिने त्यांना पाणी पाजलं. धावत गावात जाऊन नर्सबाईंना घेऊन आली. नर्सबाईंनी सलाईन लावलं. अंगात पाणी उरलं नव्हतं, पण जिवाला भीती नाही, म्हणाल्या. आणि तिथेच बसून राहिल्या.

मृदुला परतली तेव्हा दुपार कलली होती. सलवार गुडघ्यापर्यंत भिजली होती. बाबा ओट्यावरच होते. पान वाढून झाकलेलं होतं, त्यांनी हात लावला नव्हता.

तिने सगळं सांगितलं. बाबांनी डोळे मिटून ऐकलं.

"हे तुला कोण म्हणालं?"

"कुणी नाही. मी स्वतः पाहून आले."

"हं... तुला कळलं. मला कसं कळणार?"

"फोटो काढायला हवा होता," मृदुला म्हणाली.

"तो तूच दाखवणार ना?"

"नर्सबाईंना विचारा."

"विचारायला तूच जाणार."

ती हसली. मग हसू विरलं. पलीकडचं अलीकडे कळायचं कसं, हा प्रश्न तिने आजवर शेकडो लोकांना फळ्यावर आकृत्या काढून सोडवून दाखवला होता. आत्ता तिच्याजवळ फळा नव्हता. ओले पाय होते, आणि समोर एक म्हातारा माणूस होता, ज्याला आपल्या मित्राची खबर हवी होती.

"माझ्यावर विश्वास ठेवा, बाबा," ती म्हणाली.

आणि स्वतःचेच शब्द तिला ऐकू आले.

नदीवरून वारा आला. झाडीतलं छप्पर क्षणभर दिसलं, पुन्हा झाकलं गेलं.

बाबांनी पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला. ती पिऊन होईपर्यंत थांबले.

"ठेवला," ते म्हणाले. "आता परत जाऊन एकदा बघून ये."