वीस राण्या आणि एक चाकर

एका गावात माणसांपेक्षा माशा जास्त होत्या. भलत्यासलत्या नव्हेत, मधाच्या. सगळ्या बयाजी मधपाळाच्या. त्याच्या वीस पेट्या होत्या आणि त्यांच्यावरच त्याचं घर चालायचं.

एक गोष्ट मात्र बयाजीला सलायची. पेटीत हजारो माशा, आणि राणी एकच!

एकदा त्याची भाची कुंदा शहरातल्या प्रयोगशाळेतून सुटीला आली. निसर्गात कुठे सापडायचा नाही असा एक रेणू तिने स्वतः घडवला होता. तो इवल्याशा बाटलीत विरघळवून आणला होता.

"मामा, राणी आणि कामकरी माशी एकाच तऱ्हेच्या अंड्यातून निघतात. राणीपणाची जनुकं दोघींत असतात. एकीत जागी होतात, दुसरीत निजून राहतात. हा थेंब त्यांना जागं करतो."

"म्हणजे कुणालाही राणी करता येईल?"

"येईल. पण एकाच अळीवर करून बघा हं. पुन्हा निजवणारा थेंब मला अजून जमलेला नाही."

"बरं बरं," बयाजी म्हणाला. कुंदाची गाडी वळणाआड जाते न जाते तोच त्याने वीसच्या वीस पेट्या उघडल्या. महिनाभर त्याचं एकच काम, अळी दिसली की थेंब.

"अहो, पोरगी एक म्हणाली होती ना?" बायकोने टोकलं.

"एकीला राज्य आणि बाकीच्यांना हमाली? आपल्याकडे असला भेदभाव नाही!"

राण्या निघाल्या. निघाल्या त्या भांडतच. प्रत्येक पेटीत एकीने बाकीच्यांना नांगीने संपवलं. जुन्या कामकरी माशा थकून गळाल्या, नवी एकही जन्मली नाही. उरल्या वीस पेट्यांत वीस राण्या, उपाशी. फुलावर जायचं कसं, हे एकीलाही ठाऊक नाही.

मग काय, बयाजी कापसाची वात घेऊन तिळाच्या शेतात शिरला. फुलाफुलातून रस टिपायचा, पेटीकडे धावायचं, राणीच्या तोंडाशी धरायचा, पुन्हा शेत. आठवडाभराने तो चालताना गुणगुणायलाही लागला, असं गावात शपथेवर सांगतात.

तरी राण्या एकेक करून मरत गेल्या. शेवटची उरली तेव्हा एका फुलावर बयाजीला रानातली एक कामकरी माशी भेटली. पाय परागाने माखलेले, पंख झिजलेले. बयाजीने पुढे केलेली वात मागे घेतली.

"आधी तू, बाई," तो म्हणाला.

तात्पर्य: जे एकदा जागं केल्यावर पुन्हा निजवता येत नाही, त्याला हात लावण्याआधी ते निजलेलं का आहे, हे विचारावं.