सरदार जिवंत की मेलेले?

“या अख्ख्या गावात माझ्याइतकी बारीक रेघ कोरणारा दुसरा नाही!” म्हाताऱ्या गेन्सुकेनं छाती फुगवली. मग घसा खाकरून म्हणाला, “म्हणजे, होते दोघं. एकाला मोतीबिंदू झाला, दुसऱ्यानं मासळीचं दुकान टाकलं.”

समोर उभे होते खुद्द सरदार मोरिकागे, जपानातल्या त्या डोंगराळ मुलखाचे धनी. साठावं वर्ष लागणार म्हणून त्यांनी आपलं चित्र छापायला दिलं होतं. दोनशे पाहुणे, दोनशे प्रती! आधी लाकडाची फळी कोरायची, मग तिला शाई लावून कागदावर ठसा घ्यायचा. फळी कोरून झाली म्हणून सरदार स्वतः बघायला आले, आणि बघताक्षणी त्यांच्या मिशा ताठ झाल्या.

“हे काय? तलवार उजव्या कमरेला? मी काय डावरा आहे? आणि हा किमोनो! उजवी बाजू डावीच्या वर? अरे, असा किमोनो मढ्याला नेसवतात!”

खरंच होतं ते. त्या देशात जिवंत माणूस किमोनोची डावी बाजू वर घेतो. उजवी वर आली, की समजावं गडी आटोपला!

“सरकार, फळी उलटीच कोरायची असते. कागदावर ठसा उमटला की सगळं सुलट होतं.”

“म्हणजे कागदावर मी जिवंत आणि तुझ्या फळीवर मेलेला? आणि मी गेल्यावरही ही फळी तुझ्या दुकानात तशीच?”

“मग काय करू, सरकार? सुलट कोरली तर कागदावर मराल!”

गेन्सुकेनं जीभ चावली, पण वाक्य बाहेर पडून गेलं होतं.

“ते मला ठाऊक नाही!” सरदार गरजले. “फळीवरही मी जिवंत पाहिजे आणि कागदावरही! पाचव्या दिवशी दुपारी येतो. जमलं नाही, तर तुझ्या सगळ्या छिन्न्या नदीत! जन्मात पुन्हा लाकडाला हात लावायचा नाही!”

घोडा धूळ उडवत गेला. गेन्सुके मटकन खाली बसला. चाळीस वर्षांत त्याला लाकडाखेरीज काही म्हणजे काही येत नव्हतं. एकदा भात शिजवायला गेला, तर शेजारी पाण्याच्या बादल्या घेऊन धावले होते.

त्याची बायको ओशिगे आतून आली. नवऱ्यानं कोरायचं आणि तिनं छापायचं, असा त्यांचा संसार.

“काय म्हणालात त्यांना? मराल म्हणालात?”

“अगं, ओघात आलं.”

“ओघात तुमच्या छिन्न्या जाणार आता!”

करणार काय? गेन्सुके नवी फळी घेऊन बसला. एरवी पातळ कागदावरचं चित्र फळीवर पालथं चिकटवतात आणि त्यावरून कोरतात. या वेळी त्यानं उताणं चिकटवलं. चार दिवस खपून फळी सुलट कोरली. फळीवर सरदार ठणठणीत! आता कागदावर मरणार, हे ठरलेलंच.

पाचव्या दिवशी सकाळी ओशिगेनं पहिला ठसा घेतला.

“जाड कागद कशाला नासू?” असं म्हणत तिनं कांद्याच्या पापुद्र्यासारखा एक उरलेला कागद उचलला. शाई लावली सढळ हातानं, आणि नवऱ्याचा सगळा राग त्या कागदावर काढला. फळीवर टाकून असा घोटला, असा घोटला, की शाई आरपार! मग अंगणातल्या दोरीवर वाळत घातला.

दोरीच्या अलीकडे गेन्सुके, पलीकडे ओशिगे.

“मेले बघ सरदार,” गेन्सुकेनं सुस्कारा सोडला.

“कुठे मेलेत? चांगले जिवंत आहेत!”

“डोळे फुटले का तुझे? उजवी बाजू वर आहे!”

“डावी वर आहे!”

“मेलेत!”

“जिवंत आहेत!”

“अगं, इकडे येऊन बघ!”

“तुम्हीच इकडे या!”

दोघं एकदमच निघाले. हा दोरीच्या एका टोकाकडून, ती दुसऱ्या टोकाकडून. जागा बदलल्या आणि पुन्हा भांडण जुंपलं, फक्त आता तो म्हणत होता जिवंत आणि ती म्हणत होती मेलेले! मग दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. कागदावरून डोकी वर काढून त्यांनी एकमेकांकडे बघितलं.

दुपारी सरदार आले. फळी बघितली. तलवार डाव्या कमरेला, किमोनो ठाकठीक. “हूं!” मग ओशिगेनं दोन्ही हातांनी कागद समोर धरला. तिथेही सगळं सुलट! सरदारांनी डोळे बारीक केले आणि कागद तिच्या हातातून ओढून उलटा केला.

“लबाडांनो! ही तर कागदाची पाठ होती! समोरून बघितलं तर मी अजून मेलेलाच!”

 गेन्सुकेनं छिन्न्यांची पेटी पोटाशी धरली.

ओशिगे मात्र वाकून नमस्कार करून म्हणाली, “सरकार, लढाईत आपण कुठे असता?”

“सगळ्यांच्या पुढे! हे काय विचारणं झालं?”

“मग आपल्याला समोरून कोण बघतो?”

“शत्रू!”

“आणि पाठीमागून?”

“माझी माणसं!”

“मग बरोबरच छापलंय, सरकार! समोरून बघणाऱ्या शत्रूला आपण मेलेले दिसावेत. बिचाऱ्याचं तेवढंच समाधान! आणि मागे उभ्या असलेल्या आपल्या माणसांना मात्र आपण जिवंतच दिसणार!”

 आधी सरदारांच्या मिशा हलल्या, मग पोट हललं, आणि मग ते एवढ्या मोठ्यांदा हसले, की बाहेर घोडा दचकला.

“छापा! दोनशेच्या दोनशे अशाच छापा! आणि माझ्या टेकडीवरचं सगळ्यात जुनं चेरीचं झाड आजपासून तुमचं. फळ्यांना लाकूड कधी कमी पडायचं नाही!”

गेन्सुकेनं हळूच पेटी खाली ठेवली आणि पुन्हा छाती फुगवायला लागला. सरदारांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि ओशिगेकडे वळले.

“काय गं, एवढी हुशार तू! मग नवरा म्हणून याला कसा पसंत केलास?”

“काय करणार, सरकार! आम्ही यांना बघायला गेलो, तेव्हा मला यांची पाठच दाखवली होती!”