गाडीपुढचा माणूस

फलटणचे कारखानदार धैर्यशीलराव गाडीत बसले, पण ड्रायव्हर इलाही खालीच उभा राहिला.

"साहेब, थर्ड पार्टी विमा संपलाय. गाडी रस्त्यावर काढता येणार नाही."

"वीस वर्षांत तुझ्या हातून कुणाला खरचटलंही नाही. विमा कशाला? काढ गाडी, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस!"

इलाही शांतपणे म्हणाला, "एवढा भरवसा असेल तर तुम्ही गाडीपुढं पायी चाला. मी मागून येतो."

धैर्यशीलराव चपापले. "आणि चुकून ब्रेक लागला नाही तर?"

"कायदाही तेवढंच विचारतो, साहेब. आपल्या गाडीसाठीचा विमा आपल्या मर्जीवर. पुढच्या माणसासाठीचा मात्र काढावाच लागतो."

धैर्यशीलराव फाटकाबाहेरच्या वर्दळीकडे बघू लागले. मग खाली उतरले.

"रिक्षा बोलाव. आधी विम्याच्या ऑफिसात जाऊ."