बाजिंदची न्हाणी

गंभीरराव महाराजांच्या बाजिंद कुत्र्याच्या अंगाला वास येत होता, आणि ते महाराजांना सांगायची कुणाची छाती होत नव्हती. शेवटी राणीसाहेबांनीच सांगितलं, "आजपासून वाड्यात एक तर बाजिंद राहील, नाही तर मी." महाराज बराच वेळ विचार करत बसले. त्यावरून राणीसाहेब आणखीच भडकल्या.

बाजिंदला न्हाऊ घालायचे प्रयत्न झाले नव्हते असं नाही. पण पाण्याचा तांब्या दिसला की ते जनावर पसार व्हायचं. एकदा चौघांनी धरून, दोरीनं बांधून आंघोळ उरकली. सुटल्यावर त्यानं अंगणात असं अंग झाडलं, की राणीसाहेबांचे वाळत घातलेले पापड गेले आणि दिवाणजींची नवी पगडीही गेली. वर, कुत्र्याला दोरी लावली म्हणून महाराज कितीतरी दिवस कुणाशी धड बोलले नाहीत.

तर आता महाराजांनी मल्हारबा गवंड्याला बोलावलं.

"वाड्यामागं, उघड्यावर, बाजिंदसाठी न्हाणी बांध. त्यानं आपल्या पायानं आत जायचं आणि आपल्या खुशीनं न्हायचं. कुणी हात लावायचा नाही, दोरी लावायची नाही, हाडूक दाखवायचं नाही."

"आणि न्हाल्यावर त्यानं अंग झाडलं, तर कुणाच्याही अंगावर एक थेंब उडता कामा नये," दिवाणजींनी भर घातली. पगडी ते विसरले नव्हते.

"तोही हुकूमच समज," महाराज म्हणाले. "अमावास्येपर्यंत जमलं नाही, तर थापी-ओळंबा इथं ठेवायचा आणि राज्याबाहेर चालू पडायचं."

मल्हारबा घरी आला तो जेवायला बसेचना. उभा जन्म भिंती सरळ करण्यात गेलेला, आता कुत्रं कसं सरळ करायचं? त्याची लेक अनशी भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आबा, महाराज न्हाणीघरात गेले की बाजिंद काय करतो?"

"काय करणार? दाराशी बसून विव्हळतो. शिकारीत महाराज नदीत पडले, तर हाही पाठोपाठ उडी टाकून मोकळा. त्यांच्यावाचून त्याला घडीभर करमत नाही."

"मग जेवा की. न्हाणी मी सांगते तशी बांधू."

"आणि त्याला आत कोण नेणार?"

"रिवाज नेईल," अनशी म्हणाली आणि तिनं भाकरी उलटली.

आता रिवाज सांगायला हवा. त्या राज्यात नवं काही बांधलं, मग ती विहीर असो नाही तर कोंबड्यांचं खुराडं, पहिलं पाऊल राजाचं. आणि पाऊल टाकलं की राजोपाध्यांचा मंत्र संपेपर्यंत राजानं तसूभर हलायचं नाही. हलला तर राज्याला अपशकुन! नुकतेच महाराज म्हशींच्या नव्या गोठ्यात असे उभे राहिले होते. मंत्र संपेतो म्हशीनं अर्धा शेला खाल्ला, पण महाराज हलले नाहीत. रिवाजाला माणूस फार पक्का.

बापलेकीनं चार लाकडी मेढी रोवल्या. भोवती कारवीचा खांद्याइतका उंच कुड घातला, आणि आत जायची वाट मागच्या मोकळ्या शेताच्या अंगाला ठेवली. वर मोठा हंडा बसवला. त्याच्या बुडाला झाऱ्यासारखी भोकं, भोकांवर आतून झाकण, आणि झाकणाची दोरी वरच्या आडव्या वाशावरून खाली हलत्या फरशीला. फरशीवर भार पडला की दोरी ओढली जायची आणि झाकण उघडायचं. हंड्यात अनशीनं रिठा आणि कडुलिंबाचा पाला घातला. उन्हानं पाणी छान कोमट झालं.

अमावास्येला सगळा दरबार वाड्यामागं जमला.

"न्हाणी तयार आहे, महाराज," अनशी म्हणाली. "पहिलं पाऊल तेवढं राहिलंय."

महाराज नवा शेला सावरत आत गेले आणि फरशीवर उभे राहिले. राजोपाध्यांनी डोळे मिटून मंत्र सुरू केला. वरून पाणीही सुरू झालं.

कुडावरून महाराजांचं फक्त डोकं दिसत होतं. आधी ते भिजलं, मग त्याला फेस आला. महाराज हलले नाहीत. धनी एकटाच पाण्यात सापडलेला पाहून बाजिंद मात्र विव्हळला, एका झेपेत आत घुसला आणि महाराजांच्या पायाला अंग घासत उभा राहिला. राजोपाध्ये जुन्या वळणाचे, एक अक्षर गाळत नसत. मंत्र संपला तेव्हा हंडाही संपला होता.

मग बाजिंदनं अंग झाडलं. कुड चहूबाजूंनी वाजला. बाहेर सगळे कोरडे ठणठणीत.

"पोरी," महाराज फेसातून म्हणाले, "मी न्हाणी कुत्र्यासाठी सांगितली होती."

"कुत्र्यासाठीच बांधली, महाराज. पण तो तुमच्याशिवाय कुठं जातो? म्हणून जरा ऐसपैस बांधली."

दिवाणजी पुढं सरसावले. "एक थेंब उडता कामा नये असा हुकूम होता. कुत्र्यानं अंग झाडलं ते थेट महाराजांवर! मल्हारबा, थापी ठेव."

मल्हारबानं थापी खाली ठेवली. अनशी पुढं झाली.

"दिवाणजी, महाराजांच्या अंगावर कोरडी जागा असेल ती दाखवा. तिथं उडालेला थेंब सापडला, तर आबांच्या जोडीनं मीही राज्य सोडते."

दिवाणजी आत गेले. त्यांनी डोक्यापासून मोजड्यांपर्यंत महाराजांना सगळ्या बाजूंनी बघितलं.

"नाही," ते शेवटी म्हणाले.

"मग उडाला तो थेंब कुठला, हे मी तरी कसं सांगू?"

महाराजांच्या नाकावरचा फेस थरथरला, आणि ते असे हसत सुटले की बाजिंदही भुंकायला लागला.

राणीसाहेबांनी जवळ येऊन वास घेतला. "राहू दे आता वाड्यात," त्या म्हणाल्या.

"बाजिंदला?"

"दोघांनाही."

"मल्हारबा, उचल ती थापी," महाराज म्हणाले. "आजपासून तू राजगवंडी." मग त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून अनशीला दिलं, आणि मानाचा म्हणून खांद्यावरचा शेलाही दिला. त्याला धार लागली होती.

अनशीनं तो वाकून घेतला. तशीच ती कुडाआड गेली, शेला नीट पिळला, आणि मगच खांद्यावर टाकला. दिवाणजी दुसरी नवी पगडी घालून जवळच उभे होते, आणि थेंबाचा हुकूम अजून उठला नव्हता.